दोन मंडळ्यांची सोबत

‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती माणूस दोन अर्थांनी वापरतो. रविवारी एका छपराखाली उपासनेला जमणारे लोक म्हणजे मंडळी, आणि सर्व काळांतले, सर्व ठिकाणचे ख्रिस्ताचे लोक म्हणजेही मंडळीच. जवळच्या दोन मंडळ्यांनी मिळून काम कसे करावे, हा प्रश्न या दोन अर्थांमधल्या अंतरातून उभा राहतो. पहिल्या अर्थाने त्या दोन आहेत. त्यांचे पाळक वेगळे, हिशेबाच्या वह्या वेगळ्या, पावसाळ्यात कौले फुटली तर वर्गणीही वेगळी. दुसऱ्या अर्थाने त्या एकच आहेत, आणि विश्वासांगीकार म्हणताना दोघीही तसे मोठ्याने कबूल करतात. तोंडाने कबूल केलेले हे ऐक्य हाताने कसे करायचे, याचे उत्तर देण्याची जबाबदारी मेथडिस्टांवर इतरांपेक्षा अधिक आहे, कारण एकट्या मंडळीची कल्पना त्यांच्या परंपरेला मुळातच मान्य नाही.

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) अखेरपर्यंत इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळीचे धर्मगुरू राहिले. नवी मंडळी काढण्याचा त्यांचा इरादा नव्हता. त्यांनी गावोगाव लहान संगती उभ्या केल्या आणि त्या एकमेकींना बांधल्या. अनेक संगतींचे मिळून एक सर्किट होई. घोड्यावरून फिरणारे उपदेशक त्या सर्किटात पाळीपाळीने जात, दर तीन महिन्यांनी कारभाऱ्यांची बैठक होई, आणि १७४४ पासून उपदेशकांची वार्षिक परिषद भरू लागली. या बांधणीला मेथडिस्ट ‘कनेक्शन’ म्हणतात. भारतात तिचे रूप आजही दिसते: मंडळ्यांचे चार्ज, चार्जांचे जिल्हे, जिल्ह्यांची परिषद. पाळकाची नेमणूक मंडळी करत नाही, परिषदेत बिशप करतात. इमारतसुद्धा तिथे बसणाऱ्या लोकांच्या खासगी मालकीची नसते, ती सर्वांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळलेली असते. अशा घडणीत दोन मंडळ्यांचे सहकार्य म्हणजे एकीने दुसरीवर केलेला उपकार ठरत नाही. आपल्याकडे जे अपुरे आहे ते शेजारणीकडून पुरे करून घेण्याचा तो रीतसर मार्ग आहे.

या परंपरेतली सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र परिषदेत जन्मली नाही. ती जन्मली कर्जातून. १७४२ मध्ये ब्रिस्टल इथल्या ‘न्यू रूम’ या सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येक सदस्याने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना फॉय नावाच्या एका कप्तानाने केली. पुष्कळांना तेवढेही जमणार नाही, अशी हरकत निघाली. तेव्हा फॉयने सांगितले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, देतील ते घेईन आणि न देणाऱ्यांचे मी भरीन. इतरांनीही तसेच केले. पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्या या प्रमुखांना पैशांखेरीज दुसरेच काही हाती लागू लागले. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणी पुन्हा दारूकडे वळले आहे, नवरा-बायकोत बोलणे बंद आहे, हे त्यांना उंबऱ्यातच कळे. वेस्लींनी ही संधी ओळखली. बारा-बारा जणांचे हे वर्ग पुढे मेथडिस्ट जीवनाचा कणा झाले. दर आठवड्याला एकत्र बसायचे, प्रत्येकाने आपल्या आत्म्याची खुशाली सांगायची, आणि ऐकणाऱ्याने ती मनावर घ्यायची.

दोन मंडळ्यांना जोडायचे असेल तर या वर्गाचे माप हेच खरे माप आहे. संयुक्त उपासनेला दोनशे माणसे जमतात, गाणी होतात, चहा होतो, आणि घरी जाताना कोणाला कोणाचे नाव आठवत नाही. तेच दोन्ही मंडळ्यांतले सहा-सहा लोक महिन्यातून एकदा एखाद्या घरी बसले, तर सहा महिन्यांत त्यांना एकमेकांची मुले, आजार आणि कर्जे माहीत होतात. त्यानंतर एका मंडळीतला माणूस रुग्णालयात गेला की दुसरीतला डबा घेऊन पोचतो, त्यासाठी ठराव करावा लागत नाही. ऐक्याचा आरंभ मोठ्या मेळाव्याने करावा, ही समजूत फार रूढ आहे आणि ती चुकीची आहे.

१७४३ मध्ये वेस्लींनी आपल्या संगतींना तीन नियम दिले: अपाय टाळावा, शक्य ते सर्व भले करावे, आणि देवाने नेमलेली कृपेची साधने पाळावीत. हे नियम व्यक्तींसाठी होते, पण शेजारच्या दोन मंडळ्यांना ते जसेच्या तसे लागू पडतात, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिला अपाय टाळणे. मंडळ्यांमधले वैर सहसा सिद्धांतावरून सुरू होत नाही. एका मंडळीत कमिटीच्या निवडणुकीत हरलेला गट दुसरीत जातो आणि तिथे त्याचे हारतुऱ्यांनी स्वागत होते. एकीच्या पाळकाने काही कारणाने थांबवलेला विवाह दुसरीचा पाळक चौकशी न करता लावून देतो. एकीचा ऑर्गन वाजवणारा तरुण दुसरीच्या गायकवृंदात ओढला जातो. प्रत्येक गोष्ट लहान असते, आणि प्रत्येकीची आठवण वीस वर्षे टिकते. म्हणून दोन मंडळ्यांच्या करारातले पहिले कलम हेच हवे: दुसऱ्या मंडळीतून रुसून आलेल्या माणसाला प्रेमाने बसवून घ्यावे, पण त्याच्या पाळकाशी बोलल्याशिवाय सदस्यांच्या यादीत त्याचे नाव चढवू नये. हे कलम पाळले तर भले करण्याच्या योजना चालतात. ते मोडले तर सर्वांत सुंदर योजनाही संशयाने पाहिली जाते.

वेस्लींचे ‘कॅथलिक स्पिरिट’ हे प्रवचन १७५० मध्ये छापून प्रसिद्ध झाले. इथे कॅथलिक म्हणजे रोमन नव्हे, सर्वव्यापी. त्याचा आधार दुसऱ्या राजे पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातला आहे. रथातून जाणाऱ्या येहूला वाटेत रेखाबाचा पुत्र यहोनादाब भेटतो. तुझे अंतःकरण माझ्याशी सरळ आहे का, असे येहू विचारतो, होकार मिळताच हात पुढे करतो आणि त्याला रथात घेतो. येहूची पुढची कृत्ये रक्तरंजित आहेत. वेस्लींनी त्याच्याकडून फक्त तो प्रश्न आणि तो हात उचलला. उपासनेची रीत, मंडळीचा कारभार, बाप्तिस्म्याची पद्धत यांवर आपली मते वेगळी असतील, तरी देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम असेल तर हात मिळवायला हरकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पण याच प्रवचनात त्यांनी दुसरीही बाजू स्पष्ट सांगितली आहे, आणि ती हल्ली विसरली जाते. सर्व मते सारखीच, असे म्हणणारा माणूस उदार नव्हे, गोंधळलेला आहे. ज्याचे मन सर्वांसाठी खुले आहे, त्याचे पाय स्वतःच्या मंडळीत पक्के रोवलेले असतात. दोन मंडळ्यांच्या सोबतीत ही दुसरी बाजू पहिलीइतकीच मोलाची आहे. ज्या मंडळीला आपण कोण हे ठाऊक नाही, तिच्याशी सहकार्य करता येत नाही; तिला फक्त सामावून घेता येते.

महाराष्ट्रात हा प्रश्न एका विशिष्ट इतिहासातून आला आहे. एकोणिसाव्या शतकात येणाऱ्या मिशनांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ होऊ नये म्हणून प्रदेश वाटून घेतले. १८१३ मध्ये मुंबईत पोचलेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे; अहमदनगरप्रमाणेच सातारा आणि वाईचा भाग त्याच्याकडे होता. सांगली, मिरज, कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे. विल्यम वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय त्याच कामाचा भाग. मेथडिस्ट मुंबई-पुण्यात आणि विदर्भात वाढले. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीने आपले काम १९०४ मध्ये अमेरिकन मेथडिस्टांच्या हवाली केले. तिथले लोक तेच राहिले, त्यांच्या प्रार्थनेची भाषा तीच राहिली, मंडळीचे नाव मात्र बदलले. मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ अनेकदा असा आजोबांच्या गावावरून ठरला आहे, आजोबांच्या विचारावरून नाही. हे एकदा मान्य केले की पंथाभिमानाची धार बरीच बोथट होते.

सातारा जिल्ह्यातली पाचगणी या वाटणीच्या नकाशावर थोडी निराळी पडते. जॉन चेसन यांनी वसवलेले हे गाव आधी इंग्रजांचे हवा खाण्याचे ठिकाण होते, नंतर निवासी शाळांचे झाले. चेसन यांची कबर असलेले सेंट पीटर्स चर्च अँग्लिकन परंपरेतले. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट रोमन कॅथलिक. घाट उतरले की वाईला जुने काँग्रिगेशनल क्षेत्र. शाळांमुळे शिक्षक, वॉर्डन, परिचारिका, स्वयंपाकी वेगवेगळ्या प्रांतांतून इथे येतात आणि आपापली उपासनेची रीत सोबत आणतात. अशा लहान गावात कोणत्याही एका पंथाचे लोक पुरेसे नसतात, आणि एकत्र आले तर पुरेसे असतात. मोठ्या शहरात सहकार्य हा आवडीचा विषय असू शकतो. डोंगरावरच्या गावात संडे स्कूलला शिक्षक मिळेल की नाही, हेच त्यावर अवलंबून असते.

पंथाच्या भिंतीवरून हात देणारी माणसे या भूमीत पूर्वीही होऊन गेली. जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आले ते अमेरिकन मराठी मिशनचे म्हणून. मिशनचा पगार त्यांनी सोडला आणि गरिबांच्या वस्तीत राहून ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवले. १८७१ मध्ये विल्यम टेलर मुंबईत आले आणि त्यांच्या सभांमधून मेथडिस्ट मंडळी उभी राहिली, तेव्हा बोवेन तिच्यात सामील झाले. कुलाब्याच्या बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्चला त्यांचेच नाव आहे. पंथ बदलूनही जुन्या सोबत्यांचा त्यांच्यावरचा आदर कमी झाला नाही, कारण त्यांनी कोणाचे काही नेले नव्हते.

दुसरे नाव साताऱ्याशी थेट जोडलेले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, अहमदनगरहून ते साताऱ्यास आले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, कोणत्याही मंडळीचे असलेले किंवा कोणत्याच नसलेले, अशा ख्रिस्ताच्या सर्व शिष्यांचा तो बंधुभाव असावा, अशी त्यांची कल्पना होती. परक्या पैशावर आणि परक्या पंथभेदांवर उभी राहिलेली मंडळी मराठी मातीत परकीच राहील, हे दुःख त्यामागे होते. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. दरबाराला टिळकांचे हृदय होते, पण हिशेबाची वही, कामाची वाटणी आणि टिळकांनंतर कोण, याचे उत्तर नव्हते. टिळकांची गीते मात्र ‘उपासना संगीत’मधून मेथडिस्ट, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन अशा सर्व मराठी मंडळ्या एकाच चालीवर गातात. ठरवून केलेल्या कोणत्याही करारापेक्षा या गीतांनी मराठी मंडळ्यांना अधिक जवळ आणले आहे.

विसाव्या शतकात ऐक्याचा प्रयत्न वरच्या पातळीवर झाला. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले आणि तिथले ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट त्यात गेले. उत्तरेसाठीच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन, संयुक्त उत्तर भारतीय मंडळी, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट एकत्र आले. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया वाटाघाटींत सुरुवातीपासून होती, पण स्थापनेला काही महिने उरले असताना त्याच वर्षी ती बाहेर पडली. पुढे १९८१ मध्ये ती ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाली. म्हणजे आज महाराष्ट्रात वेस्लींचा वारसा दोन्ही बाजूंना आहे: एका बाजूला तो मोठ्या संयुक्त मंडळीत विरघळलेला, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या नावाने उभा.

या वाटाघाटींत सर्वांत अवघड गाठ दीक्षेची होती. अँग्लिकनांच्या दृष्टीने बिशपांची परंपरा प्रेषितांपासून अखंड चालत आलेली; मेथडिस्टांच्या दृष्टीने बिशप हे सेवेचे पद, त्यावाचून दीक्षा अपुरी ठरत नाही. सर्वांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना करावी आणि पूर्वीच्या दीक्षेचा अर्थ देवावर सोपवावा, असा मार्ग शोधला गेला. काहींना त्यात नम्रता दिसली, काहींना आपली आधीची सेवा खोटी ठरल्यासारखे वाटले. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स (१८८४–१९७३) यांनी तिसरा मार्ग सुचवला होता. प्रत्येक मंडळीने आपले नाव आणि रीत शाखा म्हणून ठेवावी, पण सर्वांची मिळून एकच मंडळी असावी, जसे संघराज्य. त्यांची ती योजना इथे प्रत्यक्षात आली नाही. पण स्थानिक पातळीवर ती करून पाहायला कोणाची हरकत नाही, आणि १९७० च्या निर्णयानेही ती वाट अडवलेली नाही. परिषदेने विलीनीकरण नाकारले. वाईच्या किंवा पुण्याच्या मेथडिस्टाला शेजारच्या मंडळीसोबत उपवासकाळातील प्रार्थनासभा भरवायला तिने मना केलेली नाही. वरचे दार बंद झाले म्हणून खालचेही बंद आहे असे मानून दोन्हीकडच्या मंडळ्या पन्नास वर्षे थांबल्या, हे नुकसान त्यांनी स्वतःच करून घेतले आहे.

सहकार्याची पहिली खरी कसोटी प्रभुभोजनाच्या मेजाशी लागते. मेथडिस्ट मंडळीत लहान-लहान पेल्यांत न आंबवलेला द्राक्षरस असतो. या रीतीचा उगमही मेथडिस्टच: अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये रस तापवून तो आंबू न देण्याची कृती शोधली, कारण दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या मंडळीला मेजावर दारू नको होती. अँग्लिकन वळणाच्या मंडळीत एकच प्याला, आणि त्यात आंबवलेला द्राक्षारस. संयुक्त उपासनेत हा तपशील आधी ठरला नाही तर कठड्याशी गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्या बाईसमोर अनोळखी प्याला येतो. ती क्षणभर घुटमळते, डोळे मिटते, आणि तिच्या मनातून प्रभुभोजन निघून प्यालाच उरतो. आदल्या रविवारी दोन्ही पाळकांनी पाच मिनिटे समजावून सांगितले असते तर हे टळले असते. जिथे दारू सोडलेले लोक मंडळीत आहेत तिथे द्राक्षरसच असावा, असे मत इथे स्पष्ट नोंदवायला हवे. रीतीचा मान राखणे चांगले, पण दुर्बळ भावाला ठेच लागेल अशी मोकळीक वापरू नये, हा पौलाचा धडा दोन्ही मंडळ्यांना सारखाच लागू आहे.

दुसरी कसोटी पैशाची. दोन मंडळ्या क्वचितच सारख्या ऐपतीच्या असतात. मुंबई-पुण्याची मोठी मंडळी आणि डोंगरावरची लहान मंडळी यांची जोडी जमली, की नकळत एक देणारी होते आणि दुसरी घेणारी. परदेशातल्या मेथडिस्ट मंडळ्यांशी भारतातल्या मंडळ्यांच्या ज्या जोड्या होतात, त्यांतही हाच धोका मोठ्या प्रमाणात असतो. उन्हाळी शिबिरांत तो जवळून दिसतो. मे महिन्यात शहरातली मंडळी तरुणांना घेऊन थंड हवेला येते, इथल्या मंडळीचे अंगण आणि सभागृह वापरते, निघताना एक पाकीट देते आणि जाते. इथल्या मुलांनी चार दिवस खुर्च्या लावल्या आणि ताटे उचलली. ही मेहरबानी झाली, सोबत झाली नाही. तीच मुले शिबिरार्थी म्हणून नाव नोंदवून आली, गटांत वाटली गेली, आणि ताटे उचलायची पाळी सर्वांवर सारखी आली, तर त्याच चार दिवसांचा अर्थ बदलतो. स्टॅन्ली जोन्स यांच्या सातताल आश्रमात पदव्या आणि बिरुदे दाराबाहेर ठेवली जात. सगळे एकमेकांना बंधू-भगिनी म्हणत आणि हलके समजले जाणारे कामही वाटून करत. ती शिस्त शिबिराला सहज उचलता येते.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल याच विषयावर बोलतो. यरुशलेमच्या गरजूंसाठी वर्गणी चालू होती आणि मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतः दारिद्र्यात असून ऐपतीबाहेर दिले होते. पौलाचा मुद्दा समानतेचा आहे: आज तुमच्या विपुलतेने त्यांची गरज भागेल, उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची. आणि तो लगेच व्यवहाराकडे वळतो. पैसे नेणाऱ्यांमध्ये मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत आहे, कारण एवढ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये, ही काळजी त्याने घेतली. संयुक्त कामाचा पैसा दोन मंडळ्यांच्या दोन वह्यांत विखुरलेला असू नये, त्याची एकच वही असावी, तिच्यावर दोन्हीकडच्या एकेकाची सही असावी आणि ती दर तिमाहीला दोन्ही मंडळ्यांत वाचून दाखवावी, हे त्या अध्यायाचेच आजचे रूप आहे. इमारत सामायिक असेल तर काळजी आणखी वाढते. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या मंडळ्यांनी एकच चर्च वापरण्यासाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. दुरुस्ती कोणी करायची, किल्ल्या कोणाकडे, सोबत संपली तर सामान कोणाचे, हे लिहून ठेवल्याने प्रेम कमी होत नाही. न लिहिल्याने ते कमी झाल्याची उदाहरणे मात्र पुष्कळ आहेत.

तरीही भांडणे होतील. त्यांचे काय करायचे, याचा एक नमुना सातारा जिल्ह्यातूनच दर वर्षी आषाढात चालत जातो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने जाते. शेकडो दिंड्या, प्रत्येकीची जागा आणि क्रमांक ठरलेला, प्रत्येकीचा विणेकरी वेगळा. मुक्कामाला पोचल्यावर समाजआरतीसाठी दिंड्या तळावर उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि तो सगळा गजर एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकले जाते, निवाडा होतो, आणि त्यानंतरच आरती होते. म्हणजे तक्रार असलेल्याने टाळ वाजवणे हा उद्धटपणा मानला जात नाही, तो त्याचा हक्क आहे. आणि तक्रार तशीच ठेवून आरती करायची नाही, हा सर्वांचा नियम आहे. वेदीपाशी अर्पण आणताना भावाचे काही गाऱ्हाणे आठवले तर आधी समेट कर, ही येशूची शिकवण डोंगरावरच्या प्रवचनात आहे. वारकऱ्यांनी त्याला शोभेल अशी रीत बसवली आहे, आणि दोन ख्रिस्ती मंडळ्यांनी ती आदराने पाहून शिकण्यासारखी आहे. तिमाही बैठकीच्या आरंभी, प्रार्थनेच्याही आधी, ‘कोणाचा टाळ वाजतो आहे का?’ एवढे विचारले तरी पुरे.

पाचगणीत या कामाला आणखी एक शिकवण मिळते. राजमोहन गांधींच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथे एशिया प्लॅटो हे केंद्र उभे राहिले. कामगार आणि मालक, वेगवेगळ्या धर्मांचे आणि प्रांतांचे लोक तिथे एकत्र बसत आले आहेत. बोलण्याआधी काही वेळ गप्प बसायचे, आपली चूक कोणती ते आधी शोधायचे, आणि मग बोलायचे, ही तिथली रीत. दोन मंडळ्यांच्या बैठकीत सहसा उलटे घडते: प्रार्थना लांब होते आणि शांतता अजिबात नसते. दहा मिनिटांच्या शांततेत माणसाला समोरच्याच्या चुकांची यादी सुचते, पण जरा थांबले तर स्वतःचीही सुचते.

सोबत टिकवणारे लोक कोण, हाही प्रश्न उरतो. मेथडिस्ट पाळक बदलीवर जातात. दोन पाळकांच्या मैत्रीवर उभे राहिलेले सहकार्य त्यांच्यातला एक गेला की त्याच वर्षी कोसळते. म्हणून ते सदस्यांच्या हाती असावे लागते, आणि अनुभव असा की ते स्त्रियांच्या हाती अधिक टिकते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षी एखाद्या देशातल्या स्त्रिया प्रार्थनाक्रम तयार करतात आणि जगभर तो म्हटला जातो. १९२७ पासून हा दिवस जागतिक म्हणून पाळला जात आहे. त्या संध्याकाळी मेथडिस्ट घरची आजी आणि शेजारच्या मंडळीची शिक्षिका एकाच कागदावरून वाचतात. दीक्षा, परंपरा, बिशप यांतला कोणताही वाद त्या कागदाआड येत नाही. ज्या गावात दोन मंडळ्यांची आजवर ओळखही नाही, तिथे आरंभ याच दिवसापासून करावा. त्या दिवसाच्या चहाचा खर्च दोन्ही मंडळ्यांनी निम्मा-निम्मा उचलावा आणि तो एकाच वहीत लिहावा.